पाठीच्या स्नायूत वाढवलेला जबडा: कील येथील एका रुग्णाचं प्रकरण

ऑगस्ट २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या शल्यविशारदांचा एक अहवाल छापून आला. खालच्या जबड्याचा मोठा तुकडा गमावलेल्या एका माणसासाठी त्यांनी नवा तुकडा त्याच्याच पाठीच्या स्नायूत तयार करून घेतला आणि सात आठवड्यांनी तो तोंडात बसवला. पॅट्रिक वार्न्के आणि हेन्ड्रिक टेरहायडेन ही त्या पथकातली प्रमुख नावं. रुग्णाचं नाव अहवालात नाही. इथेही तो फक्त 'रुग्ण' आहे.

वीसहून जास्त वर्षं झाली, तरी जबड्याच्या शस्त्रक्रिया शिकणाऱ्या मुलांना मी अजून हेच प्रकरण वाचायला देतो. बातम्यांनी तेव्हा 'स्टेम सेलमधून उगवलेला जबडा' असा गाजावाजा केला होता. शांतपणे वाचलं तर या प्रकरणातून मूलपेशींबद्दल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडू शकतात त्या स्टेम सेलबद्दल, फार थोडं सिद्ध होतं. रक्तपुरवठ्याबद्दल मात्र बरंच काही कळतं. ते कसं, हे निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले त्याच क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांचा पुरुष. आठेक वर्षांपूर्वी गाठीच्या शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचा बराचसा भाग काढावा लागला होता आणि त्या भागाला किरणोपचारही मिळाले होते. हाडाची सलगता तुटली होती आणि मधली फट सात सेंटीमीटरपेक्षा मोठी होती. उरलेली टोकं टायटॅनियमच्या पट्टीने जोडून ठेवली होती. चेहऱ्याचा आकार त्या पट्टीवर कसाबसा तगून होता. चावणं मात्र बंद. इतकी वर्षं माणूस सूप आणि मऊ, पातळ पदार्थांवर जगत होता.

हे चित्र आपल्याकडे परकं नाही. तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी यांमुळे गालाच्या आणि हिरडीच्या कर्करोगाचे जेवढे रुग्ण महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत येतात, त्यातल्या कित्येकांचा जबडा अर्धा किंवा त्याहून जास्त काढावा लागतो. त्यानंतरचं आयुष्य कसं असतं ते घरच्यांना विचारावं. भाकरी दुधात कुस्करून द्यायची, लाळ पुसायला खांद्यावर कायम पंचा, लग्नाकार्यात पंगतीला बसणं बंद. कीलच्या रुग्णाचं दुखणं याच जातीचं होतं.

वैद्यकीयदृष्ट्या दोन गोष्टी इथे निर्णायक ठरल्या. पहिली, किरणोपचार झालेला भाग. किरणांनी गाठीच्या पेशी मरतात, पण त्याबरोबर आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही आकसून बंद होत जातात. वरून त्वचा बरी दिसली तरी आतला भाग उपाशी असतो. तिथे हाडाचा नुसता तुकडा आणून ठेवला तर त्याला रक्त देणार कोण? दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला चालू असलेलं वॉर्फरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध.

अडचण नेमकी कुठे होती

जबड्याची मोठी फट भरायची तर जगभर आजही पहिली पसंती पोटरीतल्या बारीक हाडाला, म्हणजे फिब्युलाला. रक्तवाहिन्यांसकट हाड उचलायचं, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून जोडायचं आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवायच्या. १९८९ मध्ये हिडाल्गो यांनी खालच्या जबड्यासाठी ही पद्धत मांडली, आणि आता मोठ्या कर्करोग केंद्रांत ती नेहमीची झाली आहे. पण यात एक हाड जोडायला दुसरं हाड काढावं लागतं. पायाला नवी जखम, चालण्याचा त्रास, आणि हाड कापताना होणारा रक्तस्राव. हाडाच्या पोकळीतून झिरपणारं रक्त मांसातल्यासारखं चिमटा लावून किंवा डाग देऊन सहज थांबत नाही. वॉर्फरिनवरच्या माणसात ही भीती दुप्पट.

थोडक्यात, रुग्णाला रक्तवाहिन्या असलेलं जिवंत हाड हवं होतं, पण शरीरात दुसरीकडे हाडाचा खड्डा पाडायचा नव्हता. एरवी या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

समोर असलेले पर्याय

पट्टीवरच राहू देणं हा पहिला पर्याय. शस्त्रक्रियेचा धोका नाही, पण हाडाचा आधार नसलेली पट्टी वर्षानुवर्षांच्या ताणाने थकते, सैल होते, किरणोपचार झालेल्या पातळ त्वचेतून बाहेर डोकावते. आणि रुग्ण सूपवरच राहतो.

कमरेच्या हाडाचा, इलियाक क्रेस्टचा, रक्तवाहिन्यांशिवायचा तुकडा हा दुसरा. लहान फट आणि निरोगी जागा असेल तर उत्तम चालतो. इथे दोन्ही नव्हतं. लांब फट आणि किरणोपचार झालेली जागा या जोडीत असा तुकडा बहुधा विरघळून किंवा कुजून जातो.

फिब्युलाबद्दल वर आलंच.

चौथा पर्याय ऐकायला सगळ्यात सोपा: सच्छिद्र खनिजाचा सांगाडा, म्हणजे स्कॅफोल्ड, त्यात हाड तयार करायला सांगणारं प्रथिन आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मऊ गर, भरून थेट जबड्याच्या फटीत बसवायचं. पण सांगाड्याच्या मध्यभागी बसलेल्या पेशीला प्राणवायू हवा. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे तो पुरेसा झिरपत नाही. इथे तर सांगाडा कित्येक सेंटीमीटरचा, भोवतीची जागा उपाशी, आणि एका बाजूला जंतूंनी भरलेलं तोंड. प्रयोगशाळेतल्या बशीत सुंदर वाढणाऱ्या पेशी अशा ठिकाणी दोन-चार दिवसांत गुदमरतात. हाडाच्या ऊतीअभियांत्रिकीचे, म्हणजे शरीराचे भाग घडवून घेण्याच्या शास्त्राचे, अनेक प्रयत्न याच जागी अडतात, आणि पेशींच्या जाहिरातीत हीच गोष्ट सांगितली जात नाही.

म्हणून पाचवा. भाताचं रोप आधी तरव्यात वाढवून मग खाचरात लावतात, तसं हाड आधी रक्ताने भरलेल्या स्नायूत तयार करायचं आणि तयार झाल्यावर रक्तवाहिन्यांसकट उचलून जबड्यात आणायचं. कल्पना हवेतून आली नव्हती. स्नायूत हाड उगवू शकतं हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं होतं. खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं तर तिथे नवं हाड तयार होतं, असा तो प्रयोग. त्यातूनच पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे बीएमपी, या प्रथिनांचा शोध लागला. टेरहायडेन आणि सहकाऱ्यांनी कीललाच मिनिपिग जातीच्या डुकरांच्या पाठीच्या स्नायूत बीएमपी-७ आणि खनिज वापरून असे तुकडे आधी वाढवले होते आणि जबड्यात बसवून पाहिले होते. माणसात मात्र हे पहिल्यांदाच होणार होतं.

काय केलं

रुग्णाच्या कवटीचा त्रिमितीय सीटी स्कॅन काढून संगणकावर हरवलेल्या तुकड्याची आदर्श प्रतिकृती तयार केली. त्यावरून टेफ्लॉनचा साचा आणि साच्यावर टायटॅनियमची बारीक जाळी घडवली. ही जाळी म्हणजे जबड्याच्या आकाराचा पिंजरा.

पिंजऱ्यात तीन गोष्टी गेल्या. गाई-बैलांच्या हाडातला सेंद्रिय भाग काढून टाकल्यावर उरणाऱ्या खनिजाचे सच्छिद्र ठोकळे हा सांगाडा. प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी बीएमपी-७ हे प्रथिन, ७ मिलिग्रॅम. आणि रुग्णाच्याच हाडातून सुईने ओढलेली २० मिलीलीटर अस्थिमज्जा. पेशी, सांगाडा, संदेश अशी ही त्रिसूत्री. पाठ्यपुस्तकात ती त्रिकोण काढून दाखवतात. इथे तिन्ही एका जाळीत होत्या.

भरलेला पिंजरा रुग्णाच्या पाठीतल्या लॅटिसिमस डॉर्साय या रुंद स्नायूत, त्यात कप्पा करून, ठेवला. हा स्नायू उगाच निवडला नव्हता. त्याची मुख्य रक्तवाहिनी लांब, ठसठशीत आणि हाताळायला सोपी असते; पुनर्रचना करणारे शल्यविशारद हा स्नायू रोजच उचलतात, आणि त्यातला काही भाग गेल्याने हाताचं फारसं नुकसान होत नाही. शिवाय किरणोपचार झालेल्या भागापासून तो दूर.

सात आठवडे रुग्ण खांद्याच्या मागे जबड्याच्या आकाराचा उंचवटा घेऊन वावरला. या काळात टेक्नेशियमच्या सिंटिग्राफीने, म्हणजे सौम्य किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या चित्रणाने, जाळीच्या आत हाडाची घडामोड चालू असल्याचं दिसलं. मग दुसरी शस्त्रक्रिया. जाळी, तिच्यातलं हाड आणि भोवतीचा स्नायू रक्तवाहिनीसकट एकत्र उचलून जबड्याच्या फटीत बसवला, आणि रक्तवाहिन्या मानेकडच्या रक्तवाहिन्यांना शिवल्या. जुनी पट्टी निघाली.

निष्पत्ती

शस्त्रक्रियेनंतर चारेक आठवड्यांनी रुग्णाने ब्रेड आणि सॉसेज खाल्लं. इतक्या वर्षांतलं ते पहिलं खरं जेवण. दात नव्हतेच, त्यामुळे बारीक तुकडे करावे लागत, आणि त्याची त्याने कुरकूरही केली म्हणतात. मला ती कुरकूर फार बोलकी वाटते: सूपवर जगणारा माणूस तुकड्यांच्या आकाराबद्दल तक्रार करायला लागला, म्हणजे बरंच काही साधलं. चेहऱ्याच्या ठेवणीबद्दलही तो समाधानी होता.

तोंडात बसवल्यानंतर काढलेल्या सिंटिग्राफीतही हाडाची घडामोड चालू राहिलेली दिसली, आणि सीटीवर नवीन हाड तयार झाल्याच्या खुणा होत्या. म्हणजे तुकडा जागा बदलूनही जिवंत राहिला.

पुढची गोष्ट बातम्यांत आली नाही. प्रत्यारोपणानंतर १५ महिन्यांनी रुग्णाचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. त्याच गटाने २००६ मध्ये पाठपुराव्याचा अहवाल दिला, पण पाच-दहा वर्षांनी त्या हाडाचं काय झालं असतं, हा प्रश्न तिथेच थांबला. जबड्याच्या पुनर्रचनेत १५ महिने हा काळ थोडका आहे. बिघाड बऱ्याचदा त्यानंतरच सुरू होतात.

निर्णयाचे टप्पे

वॉर्फरिनचं कारण किती पक्कं होतं? विद्यार्थी इथे पहिला आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे. या रुग्णाच्या पाठीवर दोनदा आणि चेहरा-मानेवर एकदा चाकू चाललाच, सूक्ष्म रक्तवाहिन्या शिवल्या गेल्याच. मग वॉर्फरिन थांबवून हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या पण लवकर थांबवता येणाऱ्या इंजेक्शनच्या, आधाराने फिब्युला का नाही काढली? माझं उत्तर असं की हाड कापणं आणि स्नायू उघडणं यांत रक्तस्रावाचा फरक खरा आहे, पण एवढ्यावरच नवी पद्धत निवडली असं मानणं भोळेपणाचं होईल. पथकाकडे प्राण्यांवरच्या कामाचा आधार होता आणि माणसात पहिलं पाऊल टाकायची त्यांची तयारी होती. 'नेहमीचा उपाय या रुग्णाला अवघड आहे' ही परिस्थिती त्या पावलाला नैतिक आधार देते. यात गैर काही नाही. प्रथमच होणारी शस्त्रक्रिया अशाच माणसावर व्हावी ज्याच्यासाठी जुना मार्ग खडतर आहे. फक्त संमतीपत्रावर सही घेताना हे दोन्ही हेतू रुग्णासमोर वेगवेगळे मांडायला हवेत.

दुसरा टप्पा म्हणजे हाड कुठे वाढवायचं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. जबड्याची जागा सुधारायच्या मागे न लागता त्यांनी जागाच बदलली. याचा आणखी एक फायदा कमी बोलला जातो. बीएमपी हे पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन आहे. गाठ काढलेल्या जागी किंवा चालू कर्करोगात ते वापरू नये, असा इशारा याच कुटुंबातल्या बीएमपी-२ च्या बाजारातल्या उत्पादनावर आहे. इथे प्रथिनाचा मोठा डोस गाठीच्या जुन्या जागेपासून लांब, पाठीत पडला. सात आठवड्यांनी तुकडा वर आणला तेव्हा त्यातलं सुरुवातीचं प्रथिन कितीसं उरलं असेल?

तिसरा टप्पा सात आठवडे. फार लवकर काढलं तर हाड कच्चं, फार उशीर केला तर वेगळी भीती. हाडाला ताण लागतो. स्नायूत निवांत पडलेल्या हाडाला शरीर काही काळाने अनावश्यक समजून विरघळवू लागतं. फिनलंडमध्ये याच धर्तीवर झालेल्या कामात, ज्याचा अहवाल २००९ मध्ये आला, वरच्या जबड्यासाठीचा तुकडा पोटाच्या स्नायूत आठ महिने ठेवला होता. सात आठवडे आणि आठ महिने यांत एवढं अंतर असणं हेच सांगतं की योग्य वेळ कुणालाच नक्की ठाऊक नव्हती. कीलने जबड्याच्या वापराचा ताण लवकर मिळवून देण्याकडे कल ठेवला. मीही तेच केलं असतं.

चौथा टप्पा अस्थिमज्जेचा, आणि इथे थोडं थांबायला हवं.

मूलपेशींचा वाटा नेमका किती

बातम्यांतला 'स्टेम सेल' हा शब्द त्या २० मिलीलीटर मज्जेवर उभा आहे. ती मज्जा कमरेच्या हाडातून काढून तशीच सांगाड्यात भिजवली. पेशी वेगळ्या केल्या नाहीत, वाढवल्या नाहीत. मज्जेतल्या केंद्रक असलेल्या पेशींत हाड घडवू शकणाऱ्या मूलपेशींचं प्रमाण ०.००१ ते ०.०१ टक्के इतकंच असतं. बाकी सगळं रक्त घडवणाऱ्या पेशी आणि चक्क रक्त.

सुई कशी ओढता यावरही बरंच ठरतं. एकाच जागी सुई ठेवून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढत राहिलं तर पहिल्या दोनेक मिलीलीटरनंतर मज्जेऐवजी बाजूचं रक्तच भरायला लागतं. सिरिंज भरलेली दिसते, लाल दिसते, आणि कामाच्या पेशी पहिल्या थोड्याशा भागातच असतात. म्हणून अनुभवी हात दर दोन मिलीलीटरला सुईची दिशा किंवा खोली बदलतो. हे वाचायला किरकोळ, पण निकाल यावर फिरतो.

एक आकडा ताडून पाहण्यासारखा आहे. फ्रान्समधल्या फिलिप एर्निगू यांनी २००५ मध्ये नडगीचं हाड न जुळलेल्या ६० रुग्णांचा अभ्यास दिला. मज्जा यंत्रात फिरवून, गाढ करून, फटीत टोचली. ५३ जणांचं हाड जुळलं, आणि जुळलं नाही त्यांना मिळालेल्या हाड घडवणाऱ्या पूर्वजपेशी स्पष्टपणे कमी होत्या. गाढ करण्याआधी मिलीलीटरमागे अशा पेशी सरासरी सहाशेच्या आसपास होत्या. तो हिशेब कीलच्या २० मिलीलीटरला लावला तर साधारण बारा हजार पेशी होतात, तर एर्निगूंच्या यशस्वी रुग्णांत सरासरी पन्नास हजारांहून जास्त पडल्या होत्या, तेही बरीच लहान फट भरायला. तुलना काटेकोर नाही. जागा वेगळी, प्रथिन वेगळं. पण कच्च्या मज्जेतल्या मूलपेशींनी एकट्यांनी सात सेंटीमीटरचा जबडा घडवला, हे पटण्यासारखं नाही.

मग हाड कुणी घडवलं? बहुधा बीएमपी-७ ने. ते स्नायूतल्या स्थानिक पेशींनाही हाडाच्या वाटेला लावतं. युरिस्ट यांच्या प्रयोगात बाहेरून एकही जिवंत पेशी दिलेली नव्हती. इंग्लंडमध्ये हेलिओटिस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये छातीच्या स्नायूत हायड्रॉक्सिअपाटाइट हे हाडातल्यासारखं खनिज आणि हेच प्रथिन ठेवून, मूलपेशी न घालता, जबड्यासाठी हाड उगवून दाखवलं. पुढे एमआरएसए या हट्टी जंतूच्या संसर्गाने तो तुकडा गमवावा लागला. हाड मात्र पेशी न देताही आलं होतं.

फिनलंडचं प्रकरण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे ६५ वर्षांच्या रुग्णाच्या चरबीतून मूलपेशी वेगळ्या करून, प्रयोगशाळेत त्याच्याच रक्तद्रवात वाढवून, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कृत्रिम खनिजाच्या सांगाड्यावर बीएमपी-२ सोबत दिल्या. त्याला 'मूलपेशींवर आधारित' म्हणणं रास्त. पण तिथेही प्रथिन होतंच, त्यामुळे पेशींचा स्वतंत्र वाटा तिथेही वेगळा काढता येत नाही. एका रुग्णाच्या प्रकरणाची ही मर्यादाच आहे. तीन घटक एकदम घातले की कुणी काम केलं हे सांगणारं दुसरं कुणी उरत नाही.

पुरावा आणि त्यातली फट

सिंटिग्राफीत किरणोत्सारी द्रव्य जिथे हाड घडतंय तिथे साठतं. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, सुजलेल्या जागीही ते जास्त साठतं. म्हणून तो पुरावा चांगला, पण एकट्याने पुरेसा नाही. सीटीची अडचण वेगळी. सांगाडा म्हणून वापरलेलं खनिज स्वतःच क्ष-किरणांना अपारदर्शक, आणि ते फार हळू विरघळतं. चित्रात पांढरं दिसतं त्यातलं नवीन हाड किती आणि गाई-बैलांचं जुनं खनिज किती, हे सांगायला सराईत डोळाही अडखळतो. त्यात भर म्हणून चहूबाजूंनी टायटॅनियमची जाळी, जी चित्रात पांढरे पट्टे पाडते.

खनिज हळू विरघळतं हा दोषच आहे असं नाही. आकार टिकवायला तेच हवं होतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळून जागा मोकळी करतं, हायड्रॉक्सिअपाटाइट वर्षानुवर्षं राहतं. दोन्हींचं मिश्रण आता बरेच जण वापरतात. छिद्रं किती मोठी, हेही तितकंच महत्त्वाचं. १०० मायक्रॉन ही किमान मर्यादा धरतात, पण रक्तवाहिन्या आत शिरायला ३०० मायक्रॉनच्या पुढची छिद्रं बरी.

पुन्हा करायचं झालं तर

स्नायूतून तुकडा उचलून तोंडात बसवण्याआधीचा जो थोडा वेळ असतो, त्या वेळी तो शल्यविशारदाच्या हातात असतो. तेव्हाच जाळीच्या काठाजवळून आणि मध्यातून असे दोन बारीक नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवेत. काठाला हाड आणि मध्यात नुसतं खनिज, असं निघालं तर रक्त आतपर्यंत पोचलं नाही हे कळेल, आणि पुढच्या रुग्णासाठी जाळीचा आकार बदलेल. नंतर तोंडातून असा नमुना मिळणं कठीण.

मज्जेतल्या पेशी मोजायला हव्यात. नमुन्यातला थोडासा भाग प्रयोगशाळेत लावून किती वसाहती वाढतात ते पाहिलं तर 'मूलपेशी दिल्या' या वाक्याला आकडा जोडता येतो. मज्जा यंत्रात गाढ करूनच द्यावी, हे तर आता बहुतेक जण मान्य करतील.

टायटॅनियमची जाळी मला सर्वात कमी आवडते. आकार धरून ठेवते हे खरं, पण किरणोपचार झालेल्या पातळ अस्तराखाली धातूची कड म्हणजे केव्हातरी उघडी पडण्याची भीती, आणि तोंडात उघडा धातू म्हणजे संसर्गाला आमंत्रण. शिवाय जाळी ताण स्वतःवर घेते, आतलं हाड त्यामानाने आळशी राहतं. दंत-इम्प्लांट बसवायचे तर जाळीतून वाट काढावी लागते. हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाचा पिंजरा छापता आला तर यातले बरेच प्रश्न सुटतील, पण जबड्याचा ताण काही महिने सोसेल इतका तो मजबूतही हवा.

कीलच्या गटाने पुढे जागेचा प्रश्न पुन्हा उघडला. २०१६ मध्ये त्यांनी जबड्याचा तुकडा पोटातल्या ओमेंटममध्ये, आतड्यांवरच्या रक्ताने समृद्ध चरबीच्या पडद्यात, वाढवल्याचा अहवाल दिला. या वेळी बीएमपी-२ वापरलं. ओमेंटम रक्तवाहिन्यांनी गच्च असतो आणि आकाराभोवती छान गुंडाळता येतो; पण त्यासाठी पोट उघडावं लागतं, म्हणजे धोका एका जागेवरून दुसरीकडे सरकतो.

आपल्याकडे हे कुठे बसतं

जबडा काढलेल्या रुग्णाचे नातेवाईक मोबाईलवर जुनी बातमी दाखवून विचारतात, 'डॉक्टर, असं आपल्या वडिलांना करता येईल का? पाय कापायचा नाही ओ.' पाय कापत नाहीत, पोटरीतलं एक हाड घेतात, त्यावर माणूस चालतो, हे समजावण्यात निम्मी भेट जाते. त्यानंतर बहुतेकांना फिब्युलाच योग्य ठरते. तिच्या मागे हजारो रुग्णांचा अनुभव आहे. कीलच्या पद्धतीमागे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच रुग्ण.

वडिलांच्या पायातल्या रक्तवाहिन्या तंबाखू आणि मधुमेहाने खराब असतील, तर मात्र फिब्युलाचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. तेव्हाही पुढचं पाऊल खांद्याच्या पात्याचं हाड किंवा कमरेचं रक्तवाहिनीसकट हाड असं पडतं. स्टेम सेलचं इंजेक्शन त्या यादीत येत नाही.

कारण केवळ शास्त्रीय नाही, कायद्याचंही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या मूलपेशी प्रत्यारोपणापलीकडचे वापर संशोधनात मोडतात. ते नैतिक समितीने आणि नियामकाने मंजूर केलेल्या चाचणीतच व्हायला हवेत, आणि रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊन उपचार म्हणून विकायचे नाहीत. कुणी जबड्याचं किंवा पायाचं हाड 'स्टेम सेल'ने भरून देतो म्हणून लाखभर रुपये आगाऊ मागत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत असते आणि ती कुणालाही मोबाईलवर उघडून पाहता येते. क्रमांक मिळाला तर पुढचे प्रश्न: पेशी मोजता का, सांगाडा कशाचा, आणि रक्त कुठून आणणार?